नदीच्या डोहात डोकावणारे शास्त्रज्ञ : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

विद्यार्थी मित्रांनो, पावसाळा सरत आला की आपल्या जांबोटी भागातील कोणत्याही ओढ्याकाठी उभे राहून पाहा. पाण्यातले आणि काठावरचे दगड हिरव्या मखमलीने झाकलेले दिसतात. आपण त्या सगळ्याला सरसकट 'शेवाळ' म्हणतो आणि पाय घसरू नये म्हणून जपून पाऊल टाकतो. पण नीट पाहिले तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतील. बुळबुळीत, तंतूसारखे असते ते शेवाळ. आणि ज्याला इवलीशी खोडे, त्यांवर इवलीशी पाने असतात ती 'हरिता', म्हणजेच मॉस. या हरितांच्याही अनेक जाती आहेत. एकीची पाने पिसासारखी दोन ओळींत लागलेली असतात, तर दुसरीची पाने खोडाभोवती चहूबाजूंनी.

मग प्रश्न पडतो की या प्रत्येकीला नाव कोण देते? एखादी जात आजवर कोणीच नोंदवलेली नाही, ती नवीन आहे, हे कसे ठरते? या प्रश्नांचे उत्तर एका थोर मराठी शास्त्रज्ञाच्या चरित्रात सापडते. त्यांनी सह्याद्रीतील नदीच्या डोहात एक अनोखा जीव पाहिला आणि त्यामुळे त्यांचे नाव जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना माहीत झाले. ते म्हणजे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर.

सुरुवातीलाच एक खुलासा. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर वेगळे आणि शास्त्रज्ञ आघारकर वेगळे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचे नाव मात्र गोपाळ गणेश आगरकर रस्ता! त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. परीक्षेत आणि निबंधात ही चूक टाळा.

शिक्षण

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणात मालवण येथे झाला. शालेय शिक्षण मात्र त्यांनी आपल्या जवळच्या धारवाड शहरात, कर्नाटक हायस्कूलमध्ये घेतले. त्या काळी धारवाड, बेळगाव, सातारा, पुणे हे सारे जिल्हे मुंबई इलाख्यातच होते. धारवाडहून १९०२ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढील शिक्षणासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. तेथेच निसर्गविज्ञानाचे उच्च शिक्षण घेऊन ते त्याच महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागले.

त्या काळी जीवशास्त्राची बहुतेक पुस्तके विलायतेतून येत. त्यांत दिलेली उदाहरणेही तिकडच्याच प्राण्यांची आणि वनस्पतींची असत. आपल्या डोंगरात, आपल्या नद्यांत काय आहे याची माहिती फार थोडी होती. तरुण आघारकर ती शोधण्यासाठी सह्याद्रीत हिंडू लागले.

डोहातील अनोखा जीव

सातारा जिल्ह्यात वेण्णा आणि कोयना या दोन नद्या आहेत. दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि दोन्ही पुढे कृष्णेला मिळतात. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात, पण उन्हाळ्यात प्रवाह आटत जातो आणि खडकाळ पात्रात जागोजागी डोह उरतात. अशा शांत, कोमट डोहांत आघारकरांना एक पारदर्शक जीव पोहताना आढळला. आकार उघड्या छत्रीसारखा, कडेने बारीक शुंडके, आणि मोठेपणी जेमतेम नाण्याएवढा. ती जेलीफिश होती.

तुम्ही म्हणाल, जेलीफिश तर मालवणच्या किंवा गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावरही दिसते, मग त्यात नवल ते काय? नवल हे की जेलीफिश हा बहुतांशी खाऱ्या पाण्याचा प्राणी आहे. जगात तिच्या शेकडो जाती समुद्रात आहेत, गोड्या पाण्यात मात्र अगदी मोजक्या. लंडनच्या एका उद्यानात महाकाय कमळासाठी बांधलेल्या टाकीत १८८० साली एक जात सापडली होती. त्यानंतर १८८३ मध्ये आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात दुसरी जात आढळली. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या त्या सरोवरात ती आली कुठून, यावर युरोपातील शास्त्रज्ञांचा वाद चालू होता. आणि आता आपल्या सह्याद्रीतल्या डोंगरी नदीत तशीच जेलीफिश निघाली!

नवी जात कशी ठरते?

ही जात नवीन आहे असे आघारकरांनी तिथेच जाहीर करून टाकले नाही. आपण पूर्वी पाहिली नाही म्हणून ती जगाला नवीन असे होत नाही. त्यासाठी एक रीत पाळावी लागते, आणि ती रीत जेलीफिशला, वटवाघळाला आणि आपल्या ओढ्यातल्या हरितेलाही सारखीच लागू पडते.

पहिली पायरी नमुना जपण्याची. जेलीफिशच्या शरीराचा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. उन्हात ठेवली तर थोड्याच वेळात तिचे नुसते डाग उरतील. म्हणून ती योग्य द्रावणात ठेवावी लागते. हरितेचे काम त्या मानाने सोपे. ती सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवता येते आणि कित्येक वर्षांनी पाण्यात भिजवली तरी तिची पाने पुन्हा उलगडतात.

दुसरी पायरी चिठ्ठीची. नमुना कोठे, कोणत्या दिवशी, कोणी गोळा केला, पाणी वाहते होते की साचलेले, दगड उन्हात होता की सावलीत, हे सारे तिथल्या तिथे लिहावे लागते. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेले पाकीट.

तिसरी पायरी सर्वांत अवघड, ती तुलनेची. जगात आजवर नोंदलेल्या जवळच्या सगळ्या जातींशी नमुना ताडून पाहावा लागतो. हरितेच्या बाबतीत सूक्ष्मदर्शकाखाली पानातील पेशींचा आकार, पानाची शीर आणि बीजाणूंच्या कुपीच्या तोंडाशी असलेले बारीक दात पाहतात. जेलीफिशच्या बाबतीत पाहायचे ते असे : लंडनच्या टाकीतील जातीची जननेंद्रिये छत्रीच्या आतून जाणाऱ्या नलिकांवर असतात, तर टांगानिकाच्या जातीची तोंडाजवळच्या भागावर. आपली सह्याद्रीतील जेलीफिश या बाबतीत टांगानिकाच्या जातीसारखी निघाली. म्हणजे कुळ तिचेच, पण बारीकसारीक फरकांवरून जात वेगळी.

ही तुलना करण्याची सोय तेव्हा मुंबईत नव्हती. तशी सोय कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होती. तेथील प्रमुख नेल्सन अॅनंडेल यांनी नमुने तपासले. १९११ साली त्यांनी 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकातून या जेलीफिशची वार्ता दिली आणि तिचे शास्त्रीय वर्णन करून तिला 'लिम्नोक्निडा इंडिका' असे नाव दिले. यातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा, आणि दुसरा जातीचा. 'इंडिका' म्हणजे भारतातील.

वर्णन प्रसिद्ध झाले तरी आघारकर थांबले नाहीत. म्युझियममधील शास्त्रज्ञ ग्रेव्हली यांच्याबरोबर त्यांनी या जेलीफिशच्या सवयी आणि ती कोठे कोठे आढळते याचा अभ्यास केला. त्यावरचा दोघांचा लेख १९१२ साली म्युझियमच्या संशोधन पत्रिकेत आला. त्याच सुमारास जर्मनीत वेगेनर हे शास्त्रज्ञ खंडे एकमेकांपासून सरकत गेल्याचा विचार मांडत होते. भारत आणि आफ्रिका कधीकाळी जोडलेले होते का, या चर्चेत आता दोन देशांतील दोन जेलीफिशही आल्या.

येथे पालकांना आणि मुलांनाही एक गोष्ट खटकेल. शोधली आघारकरांनी, मग नावात आघारकर का नाही? शास्त्रात नाव देण्याचा मान शास्त्रीय वर्णन लिहिणाऱ्याचा असतो, आणि स्वतःच नोंदवलेल्या जातीला स्वतःचे नाव देणे शिष्टसंमत मानत नाहीत. नमुना वेळेवर जाणकाराच्या हाती दिला म्हणूनच तो शोध जगापुढे आला. पुढे एका वनस्पतिशास्त्रज्ञाने रानकेळीच्या एका जातीला 'मुसा आघारकरी' असे नाव देऊन त्यांचा गौरव केला.

आपल्या बारापेडे गुहा

याच काळातील आपल्या भागाची एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतून मिळालेल्या वटवाघळाचे १९१३ साली लंडनमध्ये वर्णन झाले आणि ती नवी जात ठरली. या वटवाघळाला राऊटन यांचे नाव दिलेले आहे. आज तो भाग २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात आहे, आणि जगभरचे अभ्यासक या जातीमुळे आपल्या तालुक्याचे नाव जाणतात. वेण्णेच्या डोहातला नमुना कलकत्त्याला, तर आपल्या गुहेतला थेट लंडनला! वस्तू आपली, पण ती ओळखण्याची जागा दूर, अशी तेव्हाची स्थिती होती. आघारकरांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले तर ही उणीव भरून काढण्यासाठी ते सतत झटत राहिले असे दिसते.

कलकत्ता आणि बर्लिन

१९१३ साली प्रसिद्ध वकील सर रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपयांची देणगी दिली. तिच्यातून विज्ञानाची चार प्राध्यापकपदे निर्माण झाली. ही पदे भारतीयांनाच मिळावीत अशी दात्याची अट होती. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी देशभरातून गुणी माणसे निवडली आणि वनस्पतिशास्त्राच्या पदासाठी १९१४ साली त्यांची नजर आघारकरांवर गेली. धारवाडच्या शाळेत शिकलेला मालवणचा मुलगा वयाच्या तिशीत कलकत्त्याचा प्राध्यापक झाला.

पद स्वीकारण्यापूर्वी परदेशात अधिक अभ्यास करावा म्हणून ते बर्लिनला गेले. पण त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. भारतीय माणूस त्या काळी ब्रिटिश प्रजाजन, म्हणून जर्मनीच्या दृष्टीने तो शत्रुदेशाचा नागरिक. आघारकरांना काही काळ स्थानबद्ध करण्यात आले. कलकत्त्याचेच दुसरे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही बर्लिनमध्ये असेच अडकून पडले होते. घरापासून हजारो मैल दूर, युद्ध कधी संपेल याचा अंदाज नाही, अशा परिस्थितीत आघारकरांनी अभ्यास सोडला नाही. मोकळीक मिळताच ते कामाला लागले आणि वनस्पतींच्या वर्गीकरणातील जगन्मान्य शास्त्रज्ञ अडॉल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातील वनस्पती, त्यांचे बी दूरवर कसे पसरते आणि त्या मुळात आल्या कोठून. वाचकांच्या लक्षात आले असेल की हा प्रश्न आणि डोहातल्या जेलीफिशचा प्रश्न एकच आहे. अमुक सजीव इथे कसा आला? त्याचे नातेवाईक कुठे आहेत? वर्गीकरण म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे, सजीवांची नाती शोधणे होय, हे आघारकरांनी तरुणपणीच जाणले होते.

युद्धानंतर कलकत्त्याला परत येऊन त्यांनी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग उभा केला आणि १९४६ पर्यंत तेथे अध्यापन केले. याच काळात भारतीय विज्ञान परिषदेचे सरचिटणीस म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम पाहिले. १९३५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या पहिल्या सचिवांपैकी ते एक होते. हीच संस्था आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाते. पत्रव्यवहार, सभा, नियमावली, हिशेब ही कामे कोणाला रुक्ष वाटतील. पण या संस्था उभ्या राहिल्या म्हणून भारतीय संशोधकाला आपला शोध आपल्याच देशात मांडता आणि तपासून घेता येऊ लागला.

पुण्यातील संस्था

कलकत्त्याहून निवृत्त झाले तेव्हा आघारकर बासष्टीला टेकले होते. आता विश्रांती घ्यावी असे कोणीही म्हटले असते. पण कलकत्त्यात १८७६ पासून विज्ञानवर्धनासाठी एक संस्था काम करीत होती. महाराष्ट्रात तशी संस्था नाही ही गोष्ट त्यांना व इतर काही विद्वानांना सलत होती. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली आणि आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले. सुरुवातीला स्वतःची इमारत नव्हती, पुण्याच्या लॉ कॉलेजने दिलेल्या जागेत काम सुरू झाले. पैसा थोडा, उपकरणे थोडी. आघारकरांनी आपली पुंजी संस्थेसाठी वेचली आणि २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत तेच तिचे संचालक राहिले.

१९९२ साली त्यांच्या स्मरणार्थ संस्थेच्या संशोधन केंद्राला आघारकर संशोधन संस्था हे नाव देण्यात आले. आज ती केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची स्वायत्त संस्था आहे. तिच्या संग्रहालयात वाळवलेल्या वनस्पतींचे आणि बुरशींचे हजारो नमुने चिठ्ठ्यांसह जपून ठेवलेले आहेत. सह्याद्रीतील एखादी नवी वनस्पती ताडून पाहायची असेल तर आता प्रत्येक वेळी कलकत्ता किंवा लंडन गाठावे लागत नाही. आपल्या शेतकरी पालकांनाही ही संस्था वेगळ्या रूपात परिचित असेल. सोयाबीन किंवा गव्हाच्या बियाण्याच्या पिशवीवर 'एमएसीएस' ही अक्षरे दिसतात ती याच महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची आद्याक्षरे. आपल्याकडच्या खपली गव्हाचाही 'एमएसीएस २९७१' हा वाण याच संस्थेचा.

त्या डोहांचे काय झाले?

आघारकरांच्या निधनानंतर काही वर्षांतच कोयना धरण पूर्ण झाले आणि कोयनेच्या वरच्या खोऱ्याचा मोठा भाग शिवसागर जलाशयाखाली गेला. वेण्णेवरही पुढे कण्हेर येथे धरण झाले. धरणांनी वीज दिली, पाणी दिले. पण जिथे उन्हाळ्यात पूर्वी वाहत्या नदीचे डोह उरत तिथे आता बारमाही खोल पाणी आहे. ही जेलीफिश पुढे सह्याद्रीतून निघणाऱ्या दक्षिणेकडच्या आणखी काही नद्यांतही आढळली, ही समाधानाची गोष्ट. पण जरा विचार करा. १९११ च्या सुमारास कोणी पाहिले नसते, नमुना जपला नसता, चिठ्ठी लिहिली नसती, तर त्या डोहांत काय होते हे आज आपल्याला कोणी सांगितले असते?

आपली मलप्रभाही कृष्णेचीच उपनदी आहे. कणकुंबीला माउलीच्या मंदिरापाशी ती उगम पावते, हब्बनहट्टीच्या मारुतीला भेटून पुढे जाते आणि कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. आपल्याच रानातले दुसरे पाणी म्हादईतून पश्चिमेला गोव्याकडे धावते. एकाच गावचा पाऊस असा दोन समुद्रांना जातो. या ओढ्यांतल्या दगडांवर कोणकोणत्या हरिता आहेत, उन्हाळ्यात डोहात काय पोहते, हे आपल्यापैकी किती जणांनी बारकाईने पाहिले आहे?

तेव्हा मुलांनो, या दिवाळीच्या सुटीत एक काम करा. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन जवळच्या ओढ्यावर जा. खोल डोहात मात्र उतरू नका. ओल्या दगडावरची चिमूटभर हरिता घ्या, सगळा दगड खरवडू नका. सावलीत वाळवा, वर्तमानपत्राच्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर गाव, ओढ्याचे नाव, तारीख, दगड उन्हात की सावलीत आणि आपले नाव लिहा. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काहीही तोडून आणू नका, तिथे फक्त पाहा आणि वहीत चित्र काढा. शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या बाईंकडे पाकिटे द्या, म्हणजे प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांना पाने पाहता येतील. शाळेच्या विश्वस्तांनाही विनंती की या पाकिटांसाठी प्रयोगशाळेत एक कोरडे कपाट द्यावे.

त्यातून नवी जात निघेलच असे नाही, बहुधा निघणार नाही. पण पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक जांबोटीच्या ओढ्यात पूर्वी काय होते असे विचारत आला, तर त्याला दाखवायला चिठ्ठीसह एक पाकीट आपल्या शाळेत असेल. डॉ. आघारकरांच्या कामाची सुरुवात अशाच एका नीट पाहिलेल्या, नीट जपलेल्या नमुन्यापासून झाली होती.